हे कुणी केलंय?

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मीटिंगच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून डबे उघडले जातात. साबुदाणा वडे, इडल्या, मटार पुलाव, कुणाच्या सासूबाईंच्या हातच्या करंज्या. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा, असं ठरलेलं ऑफिसचं पॉटलक सुरू होतं आणि पाठोपाठ प्रश्नही. यात कांदा-लसूण आहे का? झाकण कधीपासून उघडं आहे? आणि जरा खालच्या आवाजात, हे कुणी केलंय?

हे अवघडलेपण केवळ शिष्टाचाराचं नाही. तिन्ही प्रश्नांना मोठा इतिहास आहे. आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होतं, असा विचार छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात येतो. त्याला धरून रामानुजाचार्यांच्या परंपरेने अन्नाचे तीन दोष मानले. पदार्थातच असतो तो जातिदोष, जसा कांदा-लसणाचा. केस किंवा धूळ पडल्याने येतो तो निमित्तदोष. आणि अन्न ज्याच्याकडून येतं त्याच्यामुळे लागतो तो आश्रयदोष. शंकराचार्यांनी त्याच वचनातल्या ‘आहारा’चा अर्थ वेगळा लावला. इंद्रियं जे जे आत घेतात तो आहार, आणि राग-द्वेषावाचून ते घेणं ही त्याची शुद्धी. त्यांचं मानायचं, तर डब्यातल्या अन्नाआधी डब्याकडे वळणारी नजर तपासावी लागेल.

पहिल्या दोन प्रश्नांत गैर काहीच नाही. कंदमूळ न खाणारे जैन सहकारी, हलाल आहे ना याची खात्री करणारे मुसलमान सहकारी, एकादशी धरणारी अकाउंट्समधली ताई, या सगळ्यांचा नेम स्वतःच्या जिभेपुरता असतो. ‘मला चालत नाही’ एवढं मोकळेपणाने सांगितलं की पुढच्या वेळी कुणीतरी बटाटा न घालता थोडे पोहे बाजूला काढून ठेवतं. हे व्रत, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे.

तिसरा प्रश्न अनेकदा व्रताच्या आडून येतो, पण त्याचा रोख दुसऱ्याच्या हातावर असतो. तो विटाळ.

या विटाळाशी महाराष्ट्रातली माणसं फार पूर्वी भिडली आहेत. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. तिच्यात येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव आणि मुसलमानाच्या हातचं पाणी घ्यावं लागे. पण हे सारं गुपचूप चाले, आणि सभासदांची नावं फुटली तेव्हा सभाच मोडली. १८९० मध्ये पुण्यातल्या पंच हौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्यायली. त्यांत रानडे आणि टिळकही होते. ते प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेलं आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. एका कपाची ही किंमत! त्या मानाने आज ऑफिसात कुणी कुणाला वाळीत टाकत नाही. फक्त एखाद्याचा डबा भरलेलाच घरी परततो, आणि तो घेऊन जाणाऱ्याला कारण न सांगताही कळलेलं असतं.

वारकऱ्यांकडे याला एक सुंदर उत्तर आहे. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो आणि मग पालख्या परतीच्या वाटेला लागतात. कृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या, त्याची ती आठवण. एकदा कालवल्यावर कुठला घास कुणाच्या घरचा, हे शोधायचं कसं? पॉटलकमध्ये मात्र प्रत्येक पदार्थ आणणाऱ्याचं नाव घेऊनच मांडला जातो.

तरी काल्यातही दही, पोहे, लाह्याच असतात. सगळ्यांच्या चुली त्यात येत नाहीत. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकावर २०१५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ असं नाव दिलं. ते नाव ऑफिसच्या टेबलापाशी फार खरं वाटतं. ग्रुपवर आठवडाभर आधी कुणीतरी ‘फक्त व्हेज हं’ असं टाकलेलं असतं आणि त्याखाली अंगठे उमटलेले असतात. ज्याच्या आईच्या हातची वजडी साऱ्या गल्लीत नावाजलेली आहे, तोही अंगठा देतो. आदल्या रात्री आई विचारते, ‘तुझ्या हापिसातल्यांसाठी काय करू रे?’ तो म्हणतो, ‘राहू दे गं, तू कशाला दमतेस.’ सकाळी बसमधून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून तो अर्धा किलो ढोकळा बांधून घेतो.