बसण्याचा हक्क आणि संघटनेचा पाया

चेन्नईतील त्यागराय नगर, म्हणजे लोकांच्या तोंडचे टी. नगर, ही कापडखरेदीची मोठी पेठ. मांबलम स्थानकालगतच्या रंगनाथन स्ट्रीटवर सणासुदीला पाऊल ठेवायला जागा नसते. तिथल्या बहुमजली दुकानांत साड्या उलगडून दाखवणाऱ्या मुली दहा-दहा, बारा-बारा तास उभ्या असतात. पाय सुजतात, शिरा फुगतात. वसंतबालन यांच्या ‘अंगाडी तेरू’ या 2010 च्या चित्रपटाने हे जग पडद्यावर आणले. सप्टेंबर 2021 मध्ये तमिळनाडू विधानसभेने दुकाने व आस्थापना कायद्यात 22-अ हे कलम घातले आणि कामगारांना बसायची सोय करून देणे दुकानदारांवर बंधनकारक झाले.

या कलमाची वाट केरळने आधी पाडली होती. कोझिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी दुकानांतल्या बायकांना एकत्र आणले, त्यातून ‘पेण्कूट्टू’ ही संघटना उभी राहिली. सुरुवात झाली ती शौचालयापासून. दुकानात सोय नाही म्हणून बायका दिवसभर पाणी टाळत. हे दुखणे प्रत्येकीला आपले खासगी, लाजेचे वाटत होते. चारचौघींत बोलल्यावर ते सगळ्यांचेच आहे हे कळले, आणि माझ्या मते संघटनेचा जन्म नेमका त्या क्षणी होतो. पत्रके आणि मोर्चे नंतरचे. पुढे त्रिशूरमधील एका साडीच्या दुकानातील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी दीर्घ लढा दिला आणि 2018 मध्ये केरळचा कायदा बदलला.

मोठ्या परिवर्तनाची भाषा करणाऱ्यांना स्टूल आणि शौचालय क्षुल्लक वाटते. मजुरी, कंत्राटी पद्धत, जात हे प्रश्न सोडून स्टुलासाठी कशाला भांडायचे? आक्षेप वजनदार आहे, पण इतिहास वेगळे सांगतो. चेन्नईतच, तेव्हाच्या मद्रासमध्ये, 1918 साली बी. पी. वाडिया यांच्या नेतृत्वाखाली मद्रास लेबर युनियन उभी राहिली, तेव्हा पेरांबूरच्या गिरणी कामगारांच्या पहिल्या तक्रारींत दुपारच्या जेवणाची अपुरी सुट्टी होती. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचक बायकांच्या ओळखपत्राचा आग्रह धरला. 2008 मध्ये त्याच बायकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. हाताला लागणारा पहिला विजय माणसाला दुसऱ्या मागणीसाठी उभे करतो. मात्र छोटी मागणी जातीची दरी आपोआप बुजवत नाही. 1921 च्या पेरांबूरच्या संपात आदिद्रविड, म्हणजे दलित, कामगार आणि इतर कामगार समोरासमोर आले, वस्त्यांत दंगली झाल्या. पहिल्याच बैठकीला कोण आले नाही, हे कार्यकर्त्याने म्हणूनच पाहिले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की टी. नगरमध्ये कायदा झालाच आहे, मग संघटना कशाला? कायदा स्टूल ठेवायला लावतो; त्यावर बसलेल्या मुलीला मुकादमाच्या नजरेपासून वाचवायला शेजारची मुलगीच लागते. टी. नगरमध्ये अशी साथ मिळणे अवघडही आहे. दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतून आलेल्या कित्येक मुली मालकाच्याच वसतिगृहात राहतात. तक्रार केली तर नोकरी आणि छप्पर एकाच दिवशी जाते. अशा ठिकाणी बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने भाषणाची घाई करू नये. त्यांची सुट्टी कधी असते, त्या कुठे मोकळेपणाने बोलू शकतात, गावी कोणाचा आधार आहे, हे आधी समजून घ्यावे आणि बोलणे त्यांच्यावर सोपवावे. नोकरी पणाला लागणार ती त्यांची, तेव्हा मागणी कोणती आणि कधी हे त्यांनीच ठरवायचे.

दिवाळीची खरेदी दादरला, लक्ष्मी रस्त्यावर किंवा टी. नगरमध्ये, कुठेही करा. साडी दाखवणाऱ्या बाईमागे स्टूल आहे का, आणि ती त्यावर बसते का, एवढे अवश्य पाहा. नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि त्या बायका एकत्र येऊन बोलू लागल्या तर त्यांच्या बाजूने उभे राहा.