गाळण्याचा विवेक

हौशी चित्रपटकारास आपल्या कॅमेऱ्याचें कौतुक किती सांगूं असें होतें. परंतु कथा सांगतांना त्यानें काय गाळलें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वीं कै. दादासाहेब फाळके यांनीं विलायती विल्यमसन कॅमेऱ्यानें वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती. ठराविक अंतरानें एकेक चित्र घेतलें. मधला सारा काळ गाळला. पडद्यावर रोप पाहतां पाहतां वाढलें. मग हें चित्र खोटें म्हणावयाचें काय?

आमच्या मतें नाहीं. जी वाढ डोळ्यांस कधींच दिसत नाहीं, ती गाळण्यामुळेंच दिसली. उलट, एखाद्या भांडणांतील थप्पड तेवढी ठेवून आधींचा अपमान गाळला, तर प्रत्येक चित्र खरें असूनहि कथा खोटी होते. आणि चित्रांतील माणसास आपली बाजू मांडावयास जागा उरत नाहीं. गाळल्यावांचून कथा होत नाहीं, हें खरेंच. तथापि गाळलेलें उद्यां कळल्यास प्रेक्षकाला आपण फसलों असें वाटेल काय, एवढें ज्यानें त्यानें स्वतःस विचारावें. आज कॅमेरा खिशोखिशीं आहे; म्हणून हा प्रश्नहि आतां घरोघरचा झाला आहे.