धर्माच्या गायीचे दात

धर्माची गाय मिळाली तर तिचे दात मोजू नयेत, असा आपल्याकडील संकेत आहे. फुकट मिळालेल्या वस्तूत खोट काढणे हा कृतघ्नपणा मानला जातो. मुक्त संगणकप्रणालींच्या बाबतीत मात्र हा संकेत उलटा करावा लागतो, असे माझे नम्र मत आहे.

या प्रणालींची मूळ आज्ञावली सर्वांना पाहण्यास व बदलण्यास खुली असते. नवी आवृत्ती सर्वत्र जाण्यापूर्वी ती वापरून दोष कळविणारे स्वयंसेवक जगभर आहेत. त्यासाठी तंत्रज्ञच असावे लागते असे नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. हा भेद अर्ध्या र-काराच्या आकारावर उभा आहे. ‘लोहित’सारख्या खुल्या अक्षरसंचावर काम करणारा परभाषक तंत्रज्ञ कितीही निष्णात असला, तरी दऱ्यांच्या जागी दर्या उमटल्यास ते त्याच्या ध्यानी येईलच असे नाही. मराठी वाचकाच्या डोळ्यांना ते तत्क्षणी खुपते.

आमच्या पलसाण्याच्या कापड-कारखान्यांत ताका बाहेर पडण्यापूर्वी तपासला जातो. तपासणाऱ्यास वेतन मिळते आणि चूक राहिल्यास जाबही द्यावा लागतो. येथे वेतन नाही, जाबही नाही. मग कर्तव्य कोणाचे? जे सर्वांसाठी खुले आहे, ते कोणीतरी पाहिलेच असेल, असे आपण धरून चालतो. २०१४ साली या गृहीताची किंमत कळली. संकेतस्थळांच्या सुरक्षिततेसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या खुल्या प्रणालीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१२च्या आवृत्तीपासून, सुमारे दोन वर्षे, सर्वांसमोर असूनही उघडकीस आला नव्हता.

दोष कळविणे म्हणजे तक्रार नव्हे. तो पंचनामा आहे. आवृत्ती कोणती, आपण काय केले, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, एवढेच त्यात यावे. संताप त्यात नसावा, कारण पलीकडे बसलेला कर्ताही पुष्कळदा विनावेतनच राबत असतो.

अशा श्रमाचा लाभ धनाढ्य कंपन्याही उठवितात, हा आक्षेप खरा आहे. तथापि पाणवठ्यातील गाळ उपसताना तेथे सावकारही पाणी भरतो, म्हणून आपण हात आखडता घेत नाही. ही गाय आपल्या एकट्याला मिळालेली नसून साऱ्या गावाची आहे. दोष दिसूनही जो गप्प राहतो, तो आपल्यामागून येणाऱ्यास जाणूनबुजून अडचणीत लोटतो.