धुक्याकडे आमचे येणे

चार दिवसांच्या जोडसुट्टीचे एक टिपण गेले आठवडाभर आमच्या मेजावर पडून आहे. भाद्रपदात महाबळेश्वरास जाऊन यावे असे घरात ठरले आणि टिपण करण्याचे काम साहजिकच आमच्याकडे आले. रात्री सिकंदराबादेस आगगाडीत बसावे; विकाराबाद, वाडी, सोलापूर, दौंड ही स्थानके झोपेत मागे टाकून सकाळी पुण्यास उतरावे; तेथून मोटारीने वाई गाठून पसरणीचा घाट चढावा आणि दुपारच्या जेवणास डोंगरावर असावे. येथवर सारे सरळ आहे. पुढे मात्र टिपणाला निराळीच कळा आली आहे. विल्सन पॉइंट, सूर्योदय. केट्स पॉइंट, पाऊण तास. आर्थरसीट, दीड तास. बॉम्बे पॉइंट, सूर्यास्त. मध्येच कंसात : क्षेत्र महाबळेश्वर, अर्धा तास. एखाद्या सावकाराने वसुलीस निघण्यापूर्वी कुळांची यादी करावी, तशी ही यादी दिसते. अमक्या कड्याकडून सूर्योदय येणे. तमक्या कड्याकडून कोकणचा देखावा येणे.

आणि ज्या ऋतूत आम्ही निघणार आहोत त्या ऋतूत ही कुळे बहुधा घरी सापडत नाहीत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच. पावसाळ्यात तेथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि भाद्रपदात तो ओसरू लागला तरी धुके जागचे हलेलच असे नाही. हे धुके म्हणजे तरी काय? खाली पोलादपुरास उभ्या असलेल्या माणसाला डोंगरमाथ्यावर टेकलेला जो ढग दिसतो, त्याच ढगाच्या पोटात वरचा प्रवासी उभा असतो आणि काहीच दिसत नाही म्हणून कुरकुरत असतो. कोकणातील वाचकांस हे सांगावयास नको. आम्हां पठारावरील मंडळींना ते मुद्दाम समजून घ्यावे लागते.

खोलीच्या चौकशीसाठी आम्ही तेथल्या एका निवासगृहाला दूरध्वनी केला. दरीकडच्या खोलीला दर अधिक पडेल, असे पलीकडच्या गृहस्थांनी सांगितले. ‘‘आणि धुके असले तर?’’ आम्ही विचारले. ‘‘साहेब, धुके काय आमच्या हातात आहे?’’ त्यांचे म्हणणे रास्त होते. खोलीचे तोंड दरीकडे आहे, एवढेच ते विकत होते. दरी दिसेल असे वचन त्यांनी दिलेच नव्हते. मनातल्या मनात दरी विकत घेतली होती ती आम्हीच. दूरध्वनी खाली ठेवल्यावर मग एक प्रश्न आमच्या मागे लागला. पैसे मोजले, रजा खर्चली, रात्रभर गाडीत हाडे खिळखिळी करून घेतली, एवढ्यावरून डोंगराने आम्हांला दिसावे असा काही हक्क आम्हांला पोहोचतो काय?

पोहोचत नाही, हे विचारले तर कोणीही कबूल करील. पण वागणुकीत ती कबुली टिकत नाही. कड्यावर जाऊन पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसले नाही की मनुष्य खिन्न होऊन गप्प बसत नाही, तो चिडतो. मोटार हाकणाऱ्यावर चिडतो, मुलांवर चिडतो, ही तारीख ज्याने सुचविली त्याच्यावर तर विशेषच. ‘‘पैसे फुकट गेले’’ हे वाक्य ठरलेले. आपली फसवणूक झाली, असा त्याचा प्रामाणिक समज असतो.

वास्तविक ही थंड हवेची गावे मुळात देखाव्यासाठी वसली नव्हती. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी गोऱ्या लोकांसाठी येथे आरोग्यस्थान उभारावयास घेतले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून जागा मिळाली आणि पेठेचे नाव माल्कमपेठ पडले. ताप दूषित हवेतून येतो अशी तेव्हाची समजूत. हवा पालटावी म्हणून डोंगर. ती समजूत मोडीत निघाली आमच्या सिकंदराबादेत. २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. (त्याच वर्षी ते निलगिरीकडे गेले असता तेथे त्यांना स्वतःलाच हिवताप झाला होता, हे डोंगराच्या हवेवर फार श्रद्धा असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) तापाचे कारण असे डोंगरावरून उतरले, पण वर जाण्याची सवय उरली, आणि मोकळ्या जागी देखावा येऊन बसला. त्या गावातील पुष्कळशा वाटा एकोणिसाव्या शतकात समुद्रापलीकडून आणलेल्या चिनी आणि मलायी बंदिवानांच्या श्रमाने तयार झाल्या. त्यांच्यापैकी कोणाचे नाव कोणत्या कड्याला लाभलेले आमच्या ऐकिवात नाही. केट्स पॉइंट मात्र माल्कमसाहेबांच्या कन्येच्या नावाने आहे, असे सांगतात.

आपल्या वाङ्मयातही प्रवासाचे एक मोठे तपशीलवार टिपण आहे. मेघदूतातील यक्ष रामगिरीवरून मेघाला अलकानगरीपर्यंतची वाट सांगतो. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशी यांचे मत होते. कोणत्या शिखरावर विसावा घ्यावा, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी कशी चुकवू नये, सारे काही त्या टिपणात आहे. ते वाचण्यात गुंगून गेले म्हणजे एक साधी गोष्ट विसरायला होते : सांगणाऱ्याला स्वतःला यातले काहीच दिसावयाचे नाही. शापाने तो जागच्या जागी जखडला आहे. त्याची सगळी काळजी मेघाच्या थकव्याची, आणि वाटेच्या शेवटी जी वाट पाहत बसली आहे तिची.

यक्षाची आठवण आम्हांला उगीच झाली नाही. आमच्या घरी आमची मावशी असते. तिने ऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले; उजेड आणि अंधार तेवढा कळतो. तिचे माहेर वाईचे. लग्न होऊन सिकंदराबादेस आली आणि येथलीच झाली. भाजीवाल्याशी तेलुगू, शेजारणीशी दखनी आणि देवाशी मराठी बोलते. टिपण करण्यास बसलो तेव्हा तिला न्यावयाचे की नाही असा विषय निघाला. रात्रीचा प्रवास, घाटाची वळणे, कड्यांकडच्या पायऱ्या, तिच्या चालीने चालावयाचे तर दोन ठिकाणे तरी गाळावी लागतील, हे सारे बोलून झाले. मग कोणी तरी म्हणाले, ‘‘आणि नेऊन तिला दिसणार काय?’’ कोणी तरी कशाला, ते वाक्य आमचेच.

मावशी पलीकडच्या खोलीत होती. तिने तेव्हा काही म्हटले नाही. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिने विचारले, ‘‘धुकं असेल ना रे तिथं या दिवसांत? मग तुम्हांला तरी काय दिसणार?’’ यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यावयाचे होते. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मला फक्त कृष्णेत हात घालायचाय.’’

आम्हांला उत्तर देता आले नाही. ज्या युक्तिवादाने आम्ही तिला वगळले, त्याच युक्तिवादाने धुक्यात आम्ही सारेच वगळले जातो. दिसणे हीच जाण्याची पात्रता असेल तर त्या दिवसांत तेथे जावयास कोणीच पात्र नाही. आणि ती पात्रता नसेल, तर मावशीला घरी ठेवण्याचे कारण आम्हांला आमच्या सोयीत शोधावे लागेल.

तिने मागितले काय, तेही पाहिले पाहिजे. आमच्या यादीत जे स्थळ कंसात पडले होते त्या क्षेत्र महाबळेश्वरी, पंचगंगेच्या देवळात, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे उगम मानले जातात. सावित्री कोकणात उतरून बाणकोटाशी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र समुद्र इतका जवळ असता त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहत जाते. वाटेत नागार्जुनसागरला अडविलेले तिचे पाणी गेली वीसेक वर्षे हैदराबाद-सिकंदराबादच्या नळांना येत आहे. या जुळ्या शहरांना पाणी पुरविणाऱ्या दुसऱ्या दोन मोठ्या नद्या म्हणजे मांजरा आणि गोदावरी. त्याही महाराष्ट्रातल्याच डोंगरांतून निघतात. म्हणजे जो ढग आमच्या आणि दरीच्या मध्ये आला म्हणून आम्ही रागावणार, त्याच्यासारख्या ढगांचेच पाणी आम्ही रोज सकाळी पितो. वही उघडून पाहिली तर येणे निघावयाचे दूरच, देण्याचीच बाजू भरलेली. डोंगराला दर्शनाचे बिल लावावयास निघालेल्या माणसाने घरच्या नळाकडे एकवार पाहून निघावे.

पंचगंगेच्या देवळाची आणखी एक गोष्ट आहे. तेथे पाचांखेरीज आणखी दोन प्रवाह मानतात. भागीरथी बारा वर्षांनी एकदा येते आणि सरस्वती साठ वर्षांनी, अशी श्रद्धा आहे. एरवी ती मुखे कोरडीच. येणारा यात्रेकरू त्या कोरड्या मुखांनाही हात जोडतो आणि परततो. आपल्या वेळी सरस्वती का आली नाही, म्हणून पुजाऱ्याशी भांडल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

तरीही हा विचार फार ताणावा असे आम्हांला वाटत नाही. पाहण्याची हौस काही हीन नव्हे. काळ्या खडकांच्या या माळावर वाढलेल्या आमच्या मुलांनी सह्याद्री पाहिलेला नाही. आर्थरसीटवरून धुके क्षणभर फाटले आणि खाली सावित्रीचे खोरे दिसले, तर आम्हीही टाळी वाजवू. तसेच, डोळसांना दिसत नाही ते मावशीला दिसते, असले काही आम्ही म्हणणार नाही. असली वाक्ये डोळसांनाच आवडतात. मावशीला विचाराल तर वाईचा घाट पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहावयास मिळावा म्हणून ती हातातल्या पाटल्या देईल.

आणि देणे आहे एवढे म्हटल्याने ते फिटत नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम म्हणून जाहीर झाला. तरी जोडसुट्टीला घाटात मोटारींची रांग लागते, आणि त्या रांगेत यंदा आमचीही एक मोटार असणार.

टिपण आम्ही पुन्हा केले. क्षेत्र महाबळेश्वर कंसातून बाहेर काढून त्याला एक सबंध सकाळ दिली. विल्सन पॉइंटचा सूर्योदय आणि केट्स पॉइंट गळाले. खोली मागच्या बाजूची घेतली, तळमजल्यावरची. यावर आमचा थोरला मुलगा दोन दिवस घुश्शात आहे. त्याचे म्हणणे असे की, नेमके त्याच सकाळी आभाळ स्वच्छ असेल, आणि आम्ही देवळात बसलेलो असू. तसे होऊ शकते. तसे झाले तर त्याचा तोटा खरा असेल, आणि तो आम्हांला भरून देता येणार नाही. त्याला आम्ही तसे सांगितले. तो काही समाधान पावला नाही.

तिकिटे उद्या काढावयाची आहेत. वातानुकूलित डबा नको, असे मावशीने बजावले आहे. साधे शयनयान पाहिजे आणि खालची, खिडकीजवळची जागा. खिडकी तुला कशाला, असे विचारण्याची चूक या वेळी कोणी केली नाही. तरी तिने आपण होऊन सांगितले, की विकाराबाद जवळ आले म्हणजे अनंतगिरीकडची हवा लागते, ती तिला कळते. आणि ती लागेपर्यंत आपल्याला झोप यावयाची नाही.