अस्सल बरहुकूम

सरकारी मराठीतले काही शब्द असे आहेत की ते वाचल्यावर माणसाने हसायला हवं. पण ते वाचायची वेळ येते तेव्हा आपण खिडकीपुढच्या रांगेत उभे असतो, म्हणून हसत नाही. 'खरी नक्कल' हा त्यातलाच एक. अहो, नक्कल आहे तर ती खरी कशी? आणि खरी असेल तर तिला नक्कल म्हणून हिणवायचं कशाला? पण तलाठ्याच्या कचेरीपासून कोर्टापर्यंत हा शब्द छातीवर शिक्का घेऊन मिरवतो आहे. त्याचा थोरला भाऊ म्हणजे 'अस्सल बरहुकूम'. मुळात जे असेल ते तसंच्या तसं. मुळात कुणाच्या आजोबांचं नाव 'गणपत'ऐवजी 'गपणत' पडलं असेल, तर नकलेतही 'गपणत'च पडायला हवं. कारकुनाला दया आली आणि त्याने ते सुधारलं, तर तो सज्जन ठरेल, पण नक्कल खोटी ठरेल.

नीतिशास्त्रातला हा एवढा मोठा प्रश्न सातबाऱ्यापुरता राहिला असता तर माझी हरकत नव्हती. पण तो एक दिवस माझ्या मावशीच्या लोणच्यातून आमच्या घरात आला.

त्याचं असं झालं. १९८६ साली दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावर बायकांच्या कार्यक्रमात मावशीने लिंबाचं लोणचं करून दाखवलं होतं. पुरी अकरा मिनिटं! शेजारच्यांकडे व्हीसीआर होता. त्यांनी ते कॅसेटवर उतरवून घेतलं. पुढे त्या कॅसेटने तीन बिऱ्हाडं आणि असंख्य पावसाळे पाहिले. तिला बुरशी लागली, ती पुसली गेली, आणि काही वर्षांपूर्वी घरातल्याच कुणीतरी ती कॉम्प्युटरवर चढवून ठेवली. म्हणजे आता कॅसेटची फाइल झाली. व्हीएचएस कॅसेट बाजारात आली १९७६ साली, आणि तिचा व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची जपानी कंपनी २०१६ साली थांबली. चाळीस वर्षांत एक अख्खी जात जन्मली आणि निजधामाला गेली. माणसाची मावशी तिच्यापेक्षा पुष्कळ टिकाऊ असते. आमची मावशी पंच्याऐंशीची आहे आणि लोणच्याला अजून हात लावू देत नाही.

"ते मला माझ्या टीव्हीवर बघायचंय," मावशी म्हणाली.

"लिंक पाठवतो," माझा भाचा म्हणाला.

"लिंक नको. लिंक म्हणजे माझी वस्तू दुसऱ्याच्या कपाटात. मला हातात दे."

मावशीच्या टीव्हीखाली, क्रोशाच्या रुमालाखाली, एक डीव्हीडी प्लेअर अजून धडधाकट आहे. तेव्हा डीव्हीडी करायचं ठरलं. भाचा यंत्रापुढे बसला आणि मी त्याच्या मागे. त्याच्याकडे तंत्रज्ञान होतं, माझ्याकडे चहा आणि नीतिशास्त्र.

पहिली डिस्क प्लेअरने ओळखच दिली नाही. कारण सोपं होतं. फाइल नुसती डिस्कवर टाकून भागत नाही. जुन्या प्लेअरला ती एमपीईजी-२ नावाच्या पद्धतीत, ठरावीक नावाच्या खणात मांडून द्यावी लागते, आणि शेवटी डिस्क 'फायनलाइझ' करावी लागते. म्हणजे दस्त लिहून झाला तरी नोंदणी झाल्याशिवाय त्याला किंमत नाही. मला हे ताबडतोब पटलं.

दुसरी डिस्क लागली, पण मावशी आडवी पसरली. लठ्ठ नव्हे, पसरली. पातेलं परातीएवढं आणि लिंबं पपनसाएवढी. जुना टीव्ही चारास तीन, नवा सोळास नऊ. जुनं चित्र नव्या चौकटीत ओढून बसवलं की माणूस एकतृतीयांशाने रुंद होतो. गंमत म्हणजे आपल्याकडच्या डीव्हीडीत चित्र दोन्ही वेळा ७२० बाय ५७६ ठिपक्यांचंच असतं. ते कुठल्या आकारात दाखवायचं, ही एक बारीकशी खूण ठरवते. ती खूण चुकली की सडपातळ माणूस सरपंच दिसू लागतो. भाच्याने खूण बदलली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि मधे मावशी १९८६ सालच्या मापात उभी राहिली.

"मामा, पट्टे वाईट दिसतात. वरून-खालून थोडं कापलं तर पडदा भरेल."

"वर तिचा आंबाडा आहे आणि खाली लोणचं. यातलं काय कापतोस?"

पट्टे राहिले. रिकामी जागा रिकामी दाखवायला धैर्य लागतं. आपण सगळे ती भरायला टपलेले असतो.

तिसरं दुखणं म्हणजे मावशीने हात हलवला की त्याला फणीचे दाते फुटायचे. त्याचं कारण ऐकून मी थक्क झालो. आपला जुना टीव्ही एका सेकंदाला पंचवीस चित्रं दाखवायचा, पण एकही चित्र सबंध दाखवायचा नाही. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या ओळी. सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं! डोळा बिचारा भाबडा. तो दोन अर्धकं सांधून घ्यायचा. कॉम्प्युटर भाबडा नाही. तो दोन्ही अर्धकं एकावर एक ठेवतो, आणि दोहोंच्या मधल्या पन्नासाव्या सेकंदात हात जेवढा सरकला तेवढे दाते दिसतात. ते घालवायचे तर गाळलेल्या ओळी यंत्राने अंदाजाने भरायच्या. म्हणजे मावशीचा निम्मा हात मावशीचा, निम्मा यंत्राच्या कल्पनेतला. सुदैवाने डीव्हीडीला अर्धी चित्रं चालतात. आधी कुठलं अर्धं आणि मग कुठलं, एवढा क्रम बरोबर सांगितला की बाकीचं टीव्ही बघून घेतो. तेव्हा तो प्रश्न कल्पनेवाचून सुटला.

चौथा मात्र सुटेना. सुरुवातीला मावशी 'नमस्कार' म्हणाली तेव्हा ओठ आणि आवाज एकत्र होते. लिंबं चिरेपर्यंत आवाज जरा मागे पडला. आणि शेवटी मावशी तोंड मिटून समाधानाने हसत असताना तिचा आवाज अजून मीठ घालत होता.

असं का? तर कॅसेट जिथे जिथे खराब होती, तिथे उतरवून घेताना यंत्राने चित्रं गाळली. आवाज मात्र गाळला नाही. अकरा मिनिटांत साडेसोळा हजार चित्रं असायला हवीत; साठ गळाली. साठ म्हणजे काहीच नाही, पण सेकंदाला पंचवीस या हिशेबाने शेवटी जवळजवळ अडीच सेकंदांचं अंतर पडलं. सगळा आवाज एकदम पुढे ओढावा, तर शेवट जुळतो आणि 'नमस्कार' बिघडतो. उपाय एकच: जिथे चित्र गळालं आहे ती जागा शोधायची आणि शेजारचं चित्र तिथे पुन्हा एकदा ठेवायचं.

"म्हणजे मूळ कार्यक्रमात नव्हती अशी साठ चित्रं आपण घालायची?" मी विचारलं.

"नाहीतर तिचे शब्द तिच्या तोंडात बसत नाहीत, मामा."

आता सांगा, खोटं कोण? काहीही न घालणारा, की साठ खोटी चित्रं घालून शब्द ज्याचे त्याच्या तोंडात परत देणारा? 'गपणत'चा कायदा म्हणतो, हात लावू नका. पण मूळ कार्यक्रमात मावशी कधीच अडीच सेकंद मागे नव्हती. हा दोष अस्सलाचा नाही, नकलेचा आहे. आणि नकलेने अस्सलाच्या अंगावर उडवलेला चिखल पुसण्याला खाडाखोड म्हणत नाहीत.

हा प्रश्न फक्त आमच्याच घरात पडला असं नाही. १९६९च्या जुलैमध्ये चंद्रावर माणूस उतरला, तेव्हा तिथल्या कॅमेऱ्यातून सेकंदाला दहाच चित्रं येत होती. ती घरोघरच्या टीव्हीला चालणारी नव्हती. म्हणून पृथ्वीवर एका पडद्यावर ती दाखवून, त्या पडद्यासमोर साधा टीव्ही कॅमेरा लावला. जगाने डोळ्यांत पाणी आणून पाहिली ती नक्कल! आणि अस्सल फिती? त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ साली जाहीर केला. बीबीसीने तर साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे कितीतरी भाग पुसले. फीत महाग होती आणि जागा कमी. त्यातले नऊ भाग २०१३ साली थेट नायजेरियातून परत आले. आणि जे चित्ररूपाने हरवले, त्यांचा आवाज मात्र शाबूत आहे, कारण काही प्रेक्षकांनी तो घरच्या घरी टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. आता त्या खऱ्या आवाजांवर हाताने काढलेली माणसं ओठ हलवतात. पण वेष्टनावर स्पष्ट लिहिलेलं असतं की ही चित्रं नवी आहेत. त्यामुळे कुणी फसत नाही. खोटेपणा चित्र घालण्यात नसतोच. तो सांगायचं टाळण्यात असतो.

एवढं तत्त्वज्ञान झाल्यावर आम्ही कामाला लागलो, तर नवीनच अडचण. चित्र नेमकं कुठे गळालं हे ओठांवरून कळेना, कारण मावशी बोलताना सारखी मान खाली घालते. खटका हवा. पळी पातेल्यावर आपटते, बांगड्या वाजतात, असं काहीतरी. पण आवाजात खटकाच नव्हता! भाच्याने कौतुकाने सांगितलं, "मी आधीच साफ केलाय ना. सगळा नॉइज काढून टाकला." त्या यंत्राने फितीची खरखर काढली होती, आणि तिच्याबरोबर बांगड्या, पळीचा ठणका आणि मावशीचं 'बरं का'च्या आधीचं घसा खाकरणंही. उरलेला आवाज स्वच्छ होता. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा. मावशी सोडून सगळं त्यात होतं.

मूळ खरखरीचा आवाज परत आणला. बांगड्या वाजल्या. एकेका बांगडीच्या आधाराने साठच्या साठ जागा सापडल्या आणि मावशीचे शब्द तिच्या ओठांवर परत आले. केर म्हणून जे फेकलं होतं, त्यानेच घर लागलं. खरखर तशीच राहू दिली.

मग डिस्क मावशीकडे लावली. मावशीने अकराही मिनिटं मान न हलवता पाहिली. आम्ही श्वास रोखून. शेवटी म्हणाली, "छान झालंय. पण खोटं आहे."

"काय खोटं? ओठ?"

"लोणचं. त्यात मेथी नाही. तळून पूड करून घालायची असते. तेव्हा मुद्दाम नाही सांगितलं. उभ्या महाराष्ट्राला कोण सांगणार?"

आम्ही साठ चित्रांचा हिशेब चोख ठेवला, आणि अस्सलच बनावट निघालं!

"आता दुरुस्त कर," मावशी भाच्याला म्हणाली. "न्यू जर्सीची नात यावरून लोणचं करायचं म्हणतेय. मी काही जन्माला पुरणार नाही."

नातीची डिस्क वेगळी करावी लागणारच होती. तिकडची पद्धत एनटीएससी. बहुतेक प्लेअरना आपली पाल पद्धत कळत नाही. तिथे सेकंदाला तीस चित्रं लागतात, म्हणजे दर सेकंदाला पाचेक भरीची. अमेरिकेतली मावशी एरवीही तीन हजारांवर चित्रांनी जास्त होणार. मग एक चिमूट मेथीने काय बिघडतं? भाचा म्हणाला, सोपं आहे. आजी आत्ता बोलली की तो आवाज आत बसवू. हल्लीची यंत्रं ओठसुद्धा 'मेथी' म्हणायला लावतात.

बोलणारी स्वतः जिवंत, शुद्धीवर, समोर बसलेली. शब्द तिचेच. तिला तिचीच साक्ष बदलायचा हक्क नाही? मी विचार केला. हक्क आहे, पण १९८६ सालच्या तोंडाने नाही. ती शेहेचाळीस वर्षांची बाई मेथी लपवत होती, आणि ते लपवणं तिचं होतं. तिच्या ओठांवर मेथी ठेवणं म्हणजे आजच्या मावशीने कालच्या मावशीची सही करणं.

याची तोड पुन्हा त्या सातबाऱ्यातच सापडली. जुन्या पद्धतीच्या उताऱ्यात आधीचं नाव खोडत नसत. त्याला कंस करायचे आणि पुढे नव्या फेरफाराचा नंबर घालायचे. कालचं वाचता यायचं आणि आजचं कळायचं. एवढी समज ज्या खात्याला होती त्याला आपण उगाच नावं ठेवतो.

तेव्हा दोन्ही डिस्कच्या वेष्टनावर भाच्याने लिहिलं: 'गळालेली साठ चित्रं शेजारच्या चित्रांनी भरली. आवाज साफ केलेला नाही.' नातीच्या डिस्कवर भरीच्या चित्रांचीही नोंद झाली. खाली मावशीने स्वतःच्या अक्षरात, आजची तारीख घालून फेरफार नोंदवला: 'यात तळलेल्या मेथीची पूड घालावी.'

"किती घालावी ते लिही ना," मी म्हटलं.

मावशीने पेनाचं टोपण लावलं.

"अंदाजाने," ती म्हणाली.