शांततेचे देणे

आफ्रिकेतल्या सफारीचा बेत घरात शिजू लागला की पहिली नावे मसाई मारा आणि सेरेंगेटी यांची निघतात. थोडी चौकशी झाली की कुणीतरी म्हणतेच, तिथे फार गर्दी असते, एका सिंहाभोवती वीस गाड्या. मग शोध सुरू होतो तो शांत जागेचा, आणि टांझानियाच्या दक्षिणेकडची रुआहा आणि न्येरेरे ही राष्ट्रीय उद्याने नकाशावर सापडतात. जून ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम, दार-ए-सलामहून छोटे विमान, माणशी साधारण पंधरा किलोंची मऊ पिशवी, मलेरियाच्या गोळ्या, आणि त्से-त्से माशी गडद निळ्या-काळ्या रंगाकडे झेपावते म्हणून मुलांसाठी खाकी कपडे, अशी यादी तयार होते. गर्दी टाळण्याचा हा निर्णय चोखंदळपणाचाच असतो असे नाही. त्याला नैतिक आधारही आहे. मारातल्या चित्त्यांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याची मादी एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लेच मोठी करू शकत होती, वर्दळ कमी असलेल्या भागात २.३. ‘आम्ही नुसते बघतो’ हे म्हणणे तिथेच कोसळते. एक पक्षी फळ खातो आणि दुसरा न खाता पाहत राहतो, हे मुंडकोपनिषदातले चित्र आपल्या ओळखीचे. पण तिथला पाहणारा निरिच्छ आहे. जीपच्या छतातून डोके बाहेर काढलेल्या माणसाला काहीतरी हवे असते, आणि ते हवेपणच चित्त्याच्या पिल्लांना भोवते. तेव्हा शांत प्रदेश निवडणे बरेच. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ती शांतता आली कुठून, आणि तिचे पैसे चुकते केले म्हणजे तिचे देणे फिटते का?

न्येरेरे उद्यान २०१९ मध्ये जाहीर झाले ते सेलूस अभयारण्याचा मोठा भाग वेगळा काढून. सेलूसला १९८२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतले, तेव्हा माणसाचा वावर तिथे फारसा पोचलेला नाही ही त्याची थोरवी मानली गेली. इतिहास वेगळे सांगतो. या रानाच्या पूर्व कडेला न्गारांबे नावाचे गाव आहे. १९०५ मध्ये तिथे किन्जिकिटिले न्ग्वाले या माणसाच्या अंगात होंगो नावाचे दैवत येऊ लागले, आणि तो लोकांना मंतरलेले पाणी देऊ लागला. स्वाहिलीत पाण्याला ‘माजी’ म्हणतात. हे पाणी घेतले की जर्मनांच्या गोळ्यांचेही पाणी होईल, अशी श्रद्धा होती. सक्तीच्या कापूसशेतीने पिचलेल्या, एरवी एकमेकांशी फटकून असलेल्या जमाती त्या पाण्यावर एकत्र आल्या. किन्जिकिटिलेला जर्मनांनी लवकरच फासावर दिले. तरी माजी-माजीचा उठाव १९०७ पर्यंत चालला. गोळ्यांचे पाणी झाले नाही. जर्मन सैन्याने गावे आणि धान्याची कोठारे जाळली, उभी पिके नष्ट केली, आणि त्यानंतरच्या दुष्काळासह मेलेल्यांचा अंदाज पंचाहत्तर हजारांपासून तीन लाखांपर्यंत केला जातो. माणसे गेली तशी शेते झुडपांनी गिळली, झुडपांबरोबर त्से-त्से माशी पसरली, माशीमुळे गुरे टिकेनात, आणि गुरांच्या जागी रानटी जनावरे वाढली. पुढे १९४० च्या दशकात इंग्रजांनी निद्रारोगाचे कारण पुढे करून उरलीसुरली वस्तीही हलवली आणि अभयारण्याची हद्द वाढवली. नाव मात्र १९१७ च्या जानेवारीत तिथल्या बेहो बेहोजवळ लढाईत पडलेल्या फ्रेडरिक सेलूस या इंग्रज शिकाऱ्याचे. रानाला नाव शिकाऱ्याचे आणि वारसा निसर्गाचा. मधली माणसे कागदावरून पुसली गेली.

रुआहाची गोष्ट जुनी नाही, ती अजून चालू आहे. हे उद्यान १९६४ चे. ग्रेट रुआहा ही त्याची जीवनवाहिनी, आणि १९९३ पासून ती कोरड्या हंगामात काही काळ वाहायची थांबते. पाणघोडे आणि मगरी उरलेल्या डबक्यांत दाटीवाटीने राहतात. छायाचित्र उत्तम मिळते, हे खरे. नदी आटण्याचा दोष वरच्या उसांगू पाणथळीतल्या गुराख्यांवर ठेवला गेला. २००६-०७ च्या सुमारास त्यांना गुरांसकट तिथून काढले आणि २००८ मध्ये उसांगू उद्यानाला जोडले. पण गुरे गेली तरी नदी बारमाही झाली नाही, कारण पाण्याचा फार मोठा वाटा भातशेतीच्या कालव्यांत वळतो. पुढे याच शांत दक्षिण भागात पर्यटन वाढावे म्हणून जागतिक बँकेने २०१७ मध्ये पंधरा कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. रुआहालगतच्या गावकऱ्यांनी २०२३ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. वनरक्षकांकडून मारहाण, गुरांची जप्ती, गावे उठवण्याचा दबाव असे आरोप त्यात होते. २०२४ मध्ये बँकेने पैसे थांबवले आणि वर्ष संपण्याआधी प्रकल्पच गुंडाळला गेला. प्रवासी ज्याला शांतता म्हणतो आणि गावकरी ज्याला बंदी म्हणतो, ती तिथे एकच गोष्ट आहे.

यावरून उद्याने चुकीची ठरतात, असे मला म्हणायचे नाही. माझे म्हणणे एवढेच, की असल्या शांततेशी आपले नाते गिऱ्हाइकाचे नसते, ऋणकोचे असते. किंमत आणि ऋण यांत फरक आहे. किंमत ठरलेली असते, ती देऊन व्यवहार संपतो आणि दोघे एकमेकांना विसरायला मोकळे होतात. ऋण आपण न ठरवताही आपल्यावर असते. माणूस जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा देणेकरी असतो, ही कल्पना आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. शतपथ ब्राह्मण त्यात चौथे घालते, माणसांचे ऋण, आणि ते फिटते माणसांना आसरा आणि अन्न दिल्याने. हे चौथे ऋण आपण सहसा विसरतो, आणि सफारीत नेमके तेच उभे राहते. आपण पाहुणे म्हणून जातो, आपल्याला तंबू आणि जेवण मिळते, आणि ज्यांची ही जमीन ते यजमान घरातून उठवलेले असतात. आपल्या देवरायांशी हे ताडून पाहावे. कोकणातल्या किंवा मावळातल्या देवराईतही काटकीला हात लावायचा नाही असा दंडक असतो, आणि तोही भीतीवरच उभा असतो. पण तिथे काटकी सोडणारा आणि देवाला नारळ फोडणारा माणूस एकाच गावचा. त्याग त्याचा, पुण्यही त्याचे. रुआहात त्याग उसांगूच्या गुराख्याचा आणि पुण्य, म्हणजे ती भारावलेली पहाट, विमानाने आलेल्या कुटुंबाचे. ईशावास्याच्या पहिल्याच मंत्रात त्याग आणि भोग एकमेकांना बांधले आहेत. एकाने त्यागावे आणि दुसऱ्याने भोगावे, अशी सोय त्यात कुठे दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. गावे जर्मनांनी जाळली, माणसे इंग्रजांनी हलवली, गुराखी टांझानियाच्या सरकारने काढले. पुण्या-मुंबईच्या, नाहीतर न्यू जर्सीच्या मराठी कुटुंबाचा यात काय संबंध? पण ऋण ही कल्पना दोषावर उभीच नाही. पितरांचे देणे आपण काही चूक केली म्हणून नसते. त्यांनी दिलेल्या देहावर आपण जगतो म्हणून असते. लाभ ज्याच्या पदरी पडला, देणे त्याच्याकडे. शिवाय अगदीच संबंध नाही, हेही खरे नव्हे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचे हस्तिदंत झांझिबारहून मुंबई बंदरात उतरत असे. त्यातले बरेच लंडनला जाई आणि बाकीचे पश्चिम भारतातल्या लग्नाच्या चुड्यांसाठी राही. दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: उद्यानाचे शुल्क भरतोच की. भरावेच. पण ते प्रामुख्याने उद्यान चालवणाऱ्या व्यवस्थेकडे आणि सरकारी तिजोरीकडे जाते. गावांच्या हाती वन्यजीव क्षेत्र देऊन उत्पन्नात वाटा देण्याचे प्रयोग रुआहाच्या शेजारी इदोदी-पावागा भागात झाले खरे, पण ज्याची जमीन गेली आणि ज्याला वाटा मिळाला तो माणूस एकच असतो असे नाही. शुल्क हे किमतीचे काम करते, आणि किंमत पूर्ण चुकवल्याच्या समाधानातच ऋण विसरले जाते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. इतका सल असेल तर जाऊच नये. पापाच्या पैशाचा प्रसाद न घेणे हे आपल्या परंपरेत बसते. मनाला हे उत्तर स्वच्छ वाटते, पण ते पुरत नाही. सेलूस आणि मिकुमी मिळून १९७० च्या दशकात एक लाखाहून अधिक हत्ती होते. २०१३ च्या गणतीत सुमारे तेरा हजार भरले, आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने सेलूसला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकले. त्या एवढ्या मोठ्या रानात पाहणारे डोळे नव्हते, हे शिकारी टोळ्यांच्या पथ्यावर पडले. याच रानातल्या रुफिजी नदीवर २,११५ मेगावॉटचे धरण बांधून झाले आणि त्याच्या पाण्याखाली मोठा प्रदेश गेला. विजेची गरज खरी आहे, त्याबद्दल टांझानियाला उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण ज्या जमिनीपासून उत्पन्न येत नाही तिच्यावर दुसरा हक्क सांगणारा लगेच उभा राहतो, एवढे यातून दिसते. न जाण्याने शांतता टिकेलच असे नाही, आणि गुराख्याला कुरण तर नक्कीच परत मिळत नाही. सावकाराची गल्ली टाळल्याने कर्ज कमी होत नाही. माणूस तिथे असता तर जनावरे उरली नसती, असेही कुणी म्हणेल. काही ठिकाणी ते खरेही असेल. उसांगूत मात्र माणसे काढून नदी परतली नाही, तेव्हा प्रत्येक विस्थापनाला संवर्धनाचा दाखला आपोआप मिळत नाही. ताडोबातून नवेगाव आणि जामणी उठले, मेळघाटातून कितीतरी गावे उठली. त्या जागी आज उंच वाढलेल्या गवतात वाघ पाहणाऱ्या विदर्भातल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

मग ऋणको म्हणून जाणे म्हणजे काय करणे? देणगीचे पाकीट नव्हे. त्याने पुन्हा किंमतच होते. गावात बस थांबवून पोरांचे फोटो काढणे तर नव्हेच. ऋणाची पहिली पायरी ते कबूल करण्याची असते, आणि कुटुंबाच्या सफारीत ती सहज जमण्यासारखी आहे, कारण प्रश्न विचारणारी मुले सोबत असतात. ‘इथे आधी कोण राहत होते?’ हा प्रश्न मुलाने विचारला तर उत्तर तयार हवे, आणि त्याने विचारला नाही तर आपण विचारायला हवा: मुक्कामाच्या मालकाला, आरक्षण करणाऱ्या कंपनीला, वाटाड्याला. जमीन कुणाकडून भाड्याने घेतली, भाडे कुणाला पोचते, कामाला माणसे कुठल्या गावची, हे प्रश्न जेवणात जैन पदार्थ मिळतील का याइतक्याच सहजपणे पत्रात लिहिता येतात. उत्तर टाळणाऱ्याकडे जाऊ नये. दुसरे म्हणजे, शक्य असेल तर रुआहाला विमानाने उतरू नये. मधला प्रदेश विमानातून तपकिरी पट्टा दिसतो आणि रान आपोआप निर्मनुष्य वाटू लागते. इरिंगा शहरापासून उद्यान रस्त्याने सुमारे १३० किलोमीटर आहे, बराचसा कच्चा, धुळीचा, मुलांना कंटाळा आणणारा. त्या वाटेवर इदोदी आणि तुंगामालेंगा ही गावे लागतात, मक्याची शेते लागतात, गुरे आडवी येतात. इरिंगा सोडल्यावर थोड्याच अंतरावर कलेंगाचा फाटा आहे. हेहे लोकांचा राजा म्क्वावा जर्मनांशी सात वर्षे लढला आणि १८९८ मध्ये वेढला गेल्यावर त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. त्याची कवटी जर्मनीला गेली. ती परत द्यावी, असे व्हर्सायच्या तहात एक कलम घालावे लागले, आणि तरीही ती परतली १९५४ मध्ये. कलेंगाच्या लहानशा संग्रहालयात ती काचेच्या पेटीत ठेवलेली आहे.