गाळाचा हिशेब

१९२१च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाची एक मोहीम उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गनला गेली. तिच्यात चार्ल्स एल्टन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. उंच झाडं नाहीत, जीवजाती मोजक्या. त्यामुळे कोण कोणावर जगतं हे तिथे उघड्यावर दिसे. त्या भागातल्या बेअर आयलंडवर जे पाहिलं ते एल्टन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ समरहेज यांनी १९२३मध्ये एका आकृतीत मांडलं. समुद्रावर पोट भरणारे पक्षी किनाऱ्यावर विष्ठा टाकतात, तिच्यातल्या नायट्रोजनवर वनस्पती वाढतात, वनस्पतींवर कीटक जगतात, कीटकांवर कोळी आणि पक्षी, आणि पक्ष्यांवर कोल्हा.

पुढे १९२७च्या पुस्तकात एल्टनने अन्नसाखळी आणि संख्येचा मनोरा या कल्पना पक्क्या केल्या. तळाशी पुष्कळ, शेंड्याला मोजके. असं का? लहान जीवांची वीण झपाट्याने होते, म्हणून ते मोठ्यांना पुरून उरतात, हे त्याचं उत्तर. ते चुकीचं नव्हतं, पण अपुरं होतं. वाघांवरच गुजराण करणारा आणखी एखादा प्राणी का नाही, याचा पुरता उलगडा त्यातून होत नाही.

१९३५मध्ये आर्थर टान्स्ली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘परिसंस्था’ ही संकल्पना मांडली. माती, हवा, पाणी वगळून नुसत्या जीवांचा विचार करणं अपुरं आहे, हा त्याचा आग्रह. पण या सगळ्यांना एकत्र मोजायचं कसं?

ते मोजायला बसला रेमंड लिंडमन. अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर बॉग लेक नावाचं एक तळं आहे: उथळ, हळूहळू भरत चाललेलं, हिवाळ्यात बर्फाखाली प्राणवायू संपणारं. पाच वर्षं लिंडमन तिथले तरंगते सूक्ष्मजीव, पाणवनस्पती, तळातल्या अळ्या आणि गाळ यांचे नमुने घेत राहिला. या कामात त्याची पत्नी एलिनॉर त्याच्या बरोबरीने होती. अडचण लवकरच समोर आली. पाणवनस्पती मरते, तळाशी जाते, तिच्यावर जिवाणू चढतात, तो सगळा लगदा अळी खाते आणि अळीला मासा. यात जिवंत कुठे संपलं आणि मृत कुठे सुरू झालं? लिंडमनने ही रेघ ओढायचं सोडून दिलं आणि आपल्या आकृतीच्या मध्यभागी चक्क गाळ ठेवला. परिसंस्थेच्या विचाराला खरं वळण मिळालं ते इथे.

कारण गाळ मध्ये ठेवल्यावर दोन प्रवास वेगळे दिसू लागले. ऊर्जा सूर्याकडून येते, वनस्पतींतून भक्षकांत जाते आणि प्रत्येक पायरीवर श्वसनातून उष्णता होऊन निसटते. ती परत येत नाही. नायट्रोजन, फॉस्फरस मात्र गाळातल्या विघटकांच्या हातून सुटून पुन्हा पाण्यात येतात आणि पुन्हा वनस्पतींना मिळतात. वाघाच्या वर आणखी एक मजला का चढत नाही, याचं उत्तर या गळतीत आहे.

हे सगळं मांडणारा लिंडमनचा लेख ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाच्या परीक्षकांनी आधी नाकारला. एवढ्या थोड्या माहितीवर एवढा मोठा सिद्धान्त त्यांना पटला नाही. येल विद्यापीठातले जी. एव्हलिन हचिन्सन त्याच्या बाजूने ठाम उभे राहिले, संपादकांनीही अखेर मान्य केलं आणि ऑक्टोबर १९४२मध्ये लेख छापून आला. लिंडमन तो पाहायला नव्हता. यकृताच्या आजाराने जूनमध्येच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो गेला होता.

शाळेत त्याचं नाव पोचतं ते ‘दहा टक्क्यांच्या नियमा’पुरतं: एका पायरीवरची साधारण दहा टक्के ऊर्जाच पुढच्या पायरीवर पोचते. त्याच्या तळ्याचे आकडे मात्र असे आहेत: सूर्यप्रकाशातला जेमतेम ०.१ टक्का वनस्पतींनी पकडला, त्यातला १३.३ टक्के प्राथमिक भक्षकांकडे गेला आणि त्यांच्याकडून पुढच्या पायरीवर २२.३ टक्के. लेक मेंडोटा या दुसऱ्या तळ्याचे त्याने वापरलेले पायरीगणिक आकडे आणखी वेगळे: ८.७, ५.५ आणि १३ टक्के. दहा ही सोयीची सरासरी आहे. शिक्षकांनी फळ्यावर तिच्याशेजारी हे आकडे जरूर लिहावेत. निसर्ग ठरावीक टक्केवारीने चालत नाही, हे मुलांना त्यातून नीट कळेल.

ऊर्जेचा हिशेब लागला, पोषकद्रव्यांचा बाकी होता. १९६३मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात हर्बर्ट बोरमन, जीन लाइकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुरू केला. तिथे मातीखाली अभेद्य खडक आहे. पाणी खोल मुरून हरवत नाही. पाऊस आणि बर्फातून काय आलं आणि ओढ्यातून काय गेलं, हे बंधाऱ्यावर मोजता येतं. १९६५च्या हिवाळ्यात त्यांनी एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली, ओंडके जागेवरच ठेवले आणि तणनाशक फवारून नवी वाढ रोखली. ओढ्यातल्या नायट्रेटचं प्रमाण अबाधित जंगलाच्या तुलनेत पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झालं. ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. लाकडाचा एक ओंडकाही बाहेर गेला नव्हता. मातीतले जिवाणू काम करतच होते, पण त्यांनी सोडलेलं नायट्रेट उचलून घ्यायला मुळं उरली नव्हती.

डोंगर बोडका झाला की माती वाहून जाते, पाणी गढूळ होतं. हे सगळ्यांना दिसतं. विरघळून जाणारं नायट्रेट दिसत नाही, ते मोजावंच लागतं. सह्याद्रीतल्या वनीकरणाचं यश ठरवताना लावलेल्या रोपांच्या संख्येबरोबर खालच्या ओढ्यातलं नायट्रेटही दरवर्षी मोजलं जावं.